थारोळ्यातलं पाणी

हे लिहायला आपण बसावं की नाही, यातच माझे बरेच दिवस गेले. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत आलेला मी पहिलाच. लिहिणं म्हणजे परीक्षेतलं उत्तर, एवढंच मला माहीत. त्यात विषय मासे धरण्याचा, आणि आम्ही लिंगायत. आमच्या घरात मासा शिजत तर नाहीच, पण त्याचं नावसुद्धा सहसा कुणी घेत नाही. ज्यांचं आयुष्य पाण्यात गेलं अशा कुणी हे लिहिलं असतं तर ते जास्त खरं झालं असतं. मी तळ्यावर होतो फक्त तीन दिवस, आणि त्यातला बहुतेक वेळ कुठे उभं राहावं हेच मला ठरवता येत नव्हतं. तरी लिहितो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माझ्या आईला दमा आहे. आम्ही तिला अव्वा म्हणतो. रात्री ती ज्वारीच्या पोत्याला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपते. मी लहान असल्यापासून ते पोतं भिंतीशी तिच्यासाठीच उभं असतं. घरातली ज्वारी संपत आली तरी ते तेवढं रिकामं करत नाहीत. ती आडवी झोपलेली मला आठवत नाही. लोकांच्या आया आडव्या झोपतात हे मला मामाच्या गावी गेल्यावर कळलं.

त्या वर्षी पाऊस दुसऱ्यांदा गेला होता. गावाजवळून दुष्काळी कामाचा रस्ता निघाला होता आणि त्याची धूळ दिवसभर आमच्या अंगणात यायची. अव्वा दाराला ओला पडदा लावायची, पण पडदा ओला करायलाही पाणी लागतं. एप्रिलमध्ये मी नांदेडच्या कॉलेजातून घरी आलो तेव्हा ती दोन वाक्यांमध्ये थांबून श्वास घेत होती.

मृग लागला की हैदराबादला दम्याचं औषध मिळतं, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. उदगीरच्या स्टेशनवरून माणसं गाड्या भरभरून जातात. मरळ नावाच्या माशाचं बोटभर लांबीचं पिल्लू घेतात, त्याच्या तोंडात औषध भरतात आणि ते जिवंत गिळायचं. असं ओळीनं तीन वर्षं. आमच्यासारख्यांना तेच औषध गुळात घालून देतात. अव्वानं दोन वर्षं गुळातून घेतलं होतं. तिसरं वर्ष राहिलं होतं, आणि त्यावरून आमच्या ओसरीत मामाची आणि अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुंपली.

"दोन साल गुळातून घेतलं न तिनं? काय फरक पडला?" मामा म्हणाला.

"तिसरं बाकी हाय अजून," अप्पा म्हणाले.

"मी तेच म्हणून राहिलो, दाजी. शेवटचं हाय. त्यात पुन्हा गूळच?"

"तिच्या गळ्यात लिंग हाय."

"हाय न. आन् त्याच गळ्यात दम अडकून बसलाय."

आत तांदूळ निवडत बसलेली अव्वा तिथूनच म्हणाली, "मला कुणी इचारलं का?" मग थांबली, श्वास घेतला. "घेते मी. पण आपल्या तळ्यातलं असंल तर. बाजारात मांडलेलं मी न्हाई गिळणार. आपलं तळं म्हंजे आपलंच रान हाय."

ते खरंच होतं. आधीच्या मोठ्या दुष्काळात गावाचं तळं बांधलं, तेव्हा आमचं सगळ्यात चांगलं रान विहिरीसकट पाण्याखाली गेलं. नंतर अप्पांनी किराण्याचं छोटं दुकान टाकलं. तळं झाल्यापासून ते त्याच्या काठावर कधी गेले नव्हते. बैलांना पाणी पाजायलासुद्धा दुसऱ्या वाटेनं न्यायचे.

"करा काय करायचं ते," अप्पा उठत म्हणाले. "पण ते घरात येणार न्हाई. गोठ्यात ठेवा." 'ते' म्हणजे मासा. अप्पांनी पुढेही तो शब्द उच्चारला नाही.

लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. तळ्याच्या ठेक्याचे कागद जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्याकडे निघाले होते आणि अजून वाटेतच होते. त्यामुळे मासे कुणाचे हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि पाणी तर रोज आटत होतं. शेवटी गावानंच दवंडी दिली: मृगाच्या आधीचा शनिवार-रविवार तळं सगळ्यांना मोकळं. भोयांच्या घरचा वडील माणूस नारळ फोडील, त्याआधी कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. प्रत्येक घरानं आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, आपल्या जागेवर काठी रोवायची आणि तिला घरातल्या कापडाची चिंधी बांधायची. एकदा रोवलेली काठी दुपारपर्यंत हलवायची नाही.

सोमवारी माझा नांदेडला पेपर होता, पुढे ढकललेला. तरी मी शुक्रवारी दुपारच्या बसने गावी आलो. अव्वानं जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडून दिली, आणि ती बांधलेली काठी घेऊन मी तळ्यावर गेलो.

मला वाटलं होतं, काठी रोवायची आणि घरी यायचं. पण काठावर पाऊल ठेवलं आणि मला काहीच सुचेना. तळं निम्म्याहून कमी झालं होतं. पाणी अडवणाऱ्या भिंतीच्या बाजूला दगडांच्या रचाईखाली पाणी खोल आणि काळपट होतं, तिथे काठ्या दाटीनं उभ्या होत्या. दुसऱ्या टोकाला, जिथे ओढा येऊन मिळतो, तिथे उथळ पाणी आणि बेशरमीची झुडपं. मधोमध आमच्या बुडीत विहिरीचं कडं वर आलं होतं, चिखलात ठेवलेल्या चुंबळीसारखं.

"काय वाणी, तराजू आणला का सोबत?" भिंतीवरून कुणीतरी ओरडलं.

"अरे, भाजी तिकडं मिळती, मंडईत! हिकडं समदे मासे हायती!"

मीही हसलो, कारण न हसून कसं चालणार. मग शाळेतला माझा सोबती भेटला. तो भोयांच्या घरचा. त्याला मी सगळं सांगितलं, तो हसला नाही.

"तुला मोठी पाहिजे का बारकी?"

"बोटभर."

"मग भिंतीकडं कामून चालला? तिथं खाणारे उभे हायत. बारकी उथळ्यात ऱ्हाती, बेशरमीच्या मुळाशी."

त्याचा चुलता जवळच जाळं विणत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "उथळं पाणी ऊन धरतं. असल्या उन्हात बारकं-मोठं समदं भिंतीच्या गारव्याला येतं."

"काका, पिल्लं कुठं भिंतीला येत्यात?"

"तू किती उन्हाळे बघितले रे?"

दोघांचं चाललं आणि मी निघालो. आधी भिंतीकडे गेलो, तिथे काठी टेकवली, पुन्हा उचलली. ओढ्याकडे गेलो. तिथे एकही काठी नव्हती. म्हणजे इथे काही नसेलच, असं वाटलं. परत भिंतीकडे. वाटेत एक बाई मला म्हणाली, "बाळा, काय हरवलंय का?" मी नाही म्हणालो. हरवलं काही नव्हतं, पण जागा एक आणि अव्वाचं वर्षही एकच राहिलेलं, हे डोक्यातून जात नव्हतं. सूर्य टेकायला लागला तेव्हा मी पुन्हा ओढ्याकडे धावलो आणि बेशरमीजवळ काठी रोवली. रोवल्या रोवल्या वाटलं, चुकलं.

जेवताना अव्वानं विचारलं, "कुठं रोवली?"

"ओढ्याच्या तोंडाशी. पण आता वाटतंय भिंतीशी..."

"असू दे. रोवली न? भाकर खा."

अप्पा खाली मान घालून जेवत होते.

शनिवारी नारळ फुटला आणि सगळं गाव एकदम पाण्यात उतरलं. भिंतीकडून आरोळ्या यायला लागल्या. कुणाच्या जाळ्यात हातभर मासा, कुणाच्या टोपलीत त्याहून मोठा. मी आणि माझा सोबती अव्वाच्या लुगड्याची दोन टोकं धरून बेशरमीच्या मुळांतून ते ओढत होतो. चांदीसारखे बारीक मासे यायचे, खेकडे यायचे, एकदा कुणाची तरी चप्पल आली. प्रत्येक वेळी मी विचारायचो, "ही का?" आणि तो म्हणायचा, "ही न्हाई." पुढे पुढे तो नुसती मान हलवायचा. मी अर्ध्या लक्षानं भिंतीकडेच बघत होतो. तिथे नक्की असतील. इथे मी उगीच उभा आहे. नियम नसता तर मी काठी उपटून केव्हाच पळालो असतो.

दुपार होत आली तेव्हा झुडपाच्या सावलीत एका जागी पाण्याला उकळी फुटल्यासारखं दिसलं. सोबत्यानं माझा दंड धरला. हाताच्या ओंजळीएवढ्या जागेत पाणी बुडबुडत होतं. बारीक तोंडं वर यायची, उघडायची, खाली जायची, पुन्हा वर यायची.

"मरळीची पिल्लं," तो कुजबुजला. "हळू."

लुगडं वर आलं तेव्हा त्यात तीन पिल्लं होती, काळसर, सापासारख्या डोक्याची. बाकीची निसटली. मला तीन पुष्कळ होती. मी घागर कडेवर घेऊन घरी पळालो, वाटेत कुणी काय म्हणालं ते ऐकूही आलं नाही.

बैल चाऱ्यासाठी मामाच्या गावी पाठवले होते, गोठा रिकामाच होता. अव्वा पदर नाकाला लावून आली. तिनं आयुष्यात मासा इतक्या जवळून पाहिला नव्हता. बराच वेळ घागरीत बघत राहिली.

"डोळे हायत की रे याला," ती म्हणाली.

मग ती आत गेली आणि तिच्या वाटणीचं पाणी घेऊन आली. तेव्हा टँकरचं पाणी दर घराला मोजून मिळायचं आणि ती स्वतःसाठी एक लहान कळशी बाजूला ठेवायची, खोकला आला की घोट घोट प्यायला. ती कळशी तिनं घागरीत ओतली, अगदी काठोकाठ. "भरपूर असू दे," ती म्हणाली. "पाण्यातला जीव हाय. आपल्या दारात येऊन त्याला पाणी कमी पडायला नको." मांजर येतं म्हणून वर पितळी झाकण घातलं आणि मी ते फडक्यानं घट्ट बांधलं. आम्हा दोघांना बरं वाटलं. ती म्हणाली, तू आता अभ्यास कर.

दिवस मावळताना फडकं सोडलं. तिन्ही पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती.

मी सोबत्याला बोलावून आणलं. त्यानं घागर पाहिली, झाकण पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "गच्च भरली? आन् वरून झाकण? अरे, ही मरळ हाय. ही वर येऊन दम घेती. वर जागाच न्हाई ठेवली तर पाण्यात असून गुदमरती ती."

आम्हाला हे कोण सांगणार होतं? तहानलेल्या वर्षात पाणी कमी पडू नये, एवढंच आमच्या घराला कळत होतं.

अव्वा गोठ्याच्या दारात उभी होती. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं विचारलं, "त्यांना बी धाप लागली असंल न रे?" सोबत्यानं माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मला नको आता. कुणाचा दम घेऊन मला दम नको." आणि आत निघून गेली. अप्पा ओसरीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. त्या रात्रीही अव्वा पोत्याला टेकून बसली होती आणि तिच्या छातीतली शिट्टी मला ओसरीपर्यंत ऐकू येत होती.

रविवारी सकाळी मी पुन्हा तळ्यावर गेलो. तिनं नको म्हटलं होतं, पण मामा तिला न्यायला पिशवी भरून आला होता, उदगीरची गाडी संध्याकाळची होती, आणि मला घरात बसवेना. आदल्या दिवशी बेशरमीजवळ काहीतरी मिळालं, हे गावभर झालं होतं. रात्रीतून तिथे काठ्या उभ्या राहिल्या होत्या. म्हशी त्यातून हिंडून गेल्या होत्या. पाणी ताकासारखं झालं होतं.

आता कुठे? काल निदान दोन जागा होत्या, आज मला एकही दिसत नव्हती. सोबत्यानंही हात वर केले. "भिंतीकडं बघ," तो म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता. मी काठी घेऊन भिंतीकडे गेलो, तिथून पलीकडे, तिथून परत. कोरड्या चिखलाच्या खपल्या पायाखाली मोडत होत्या. आज काठी रोवलेलीच नाही तर नियम मोडतो की नाही, असलं काहीतरी डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात भिंतीवरची माणसं बोलायची थांबली. मी वर बघितलं. अप्पा उभे होते. आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, धोतर एका हातानं उचलून धरलेलं.

"अप्पा, तुमी बी?" कुणीतरी विचारलं. कुणी हसलं.

"माझं रान बघायला आलो," अप्पा म्हणाले. "बंदी हाय का?"

अप्पा चपला हातात घेऊन खाली उतरले. ते तळ्यात चालत नव्हते, शेतात चालत होते. एका जागी थांबून म्हणाले, "हितून बांध जायचा." थोडं पुढे जाऊन, "हितं बोरीचं झाड होतं. तुला आठवत नसंल." मी मागून चालत होतो. विहिरीच्या कड्यापाशी ते आले, उगवतीच्या अंगाला वळले आणि माझ्या हातातली काठी घेतली. चिखलात एकदा खुपसली, दुसऱ्यांदा खुपसली. तिसऱ्यांदा दगडावर टक्‌ असा आवाज आला.

"थारोळं," ते म्हणाले. मोट वर आली की तिचं पाणी ज्या दगडी हौदात पडायचं, तो. "भर उन्हाळ्यात बी ह्यात पाणी ऱ्हायचं. पाखरं यायची. खाली तळ पक्का हाय, पाणी झिरपत न्हाई."

विहिरीत पडायच्या भीतीनं त्या बाजूला दोन्ही दिवस कुणी फिरकलं नव्हतं. सोबती आणि मी वरचं शेवाळ आणि गाळ हातांनी बाजूला सारला. खाली गार पाणी लागलं. आम्ही थांबलो. ते निवळायला वेळ लागला. मग एका कोपऱ्यात ती तशीच बारीक उकळी आली. तोंडं वर, उघडी, खाली.

अप्पा पाठ करून उभे राहिले. मी तांब्या बुडवला. पहिल्या खेपेला नुसतं पाणी, दुसऱ्या खेपेला एक पिल्लू, आणि बऱ्याच वेळानं दुसरं. सोबत्यानं घागर पुढे केली. मी त्यात थारोळ्याचंच पाणी ओतायला लागलो.

"निम्मीच भर," अप्पा तिकडे तोंड ठेवूनच म्हणाले. "वर जागा ठेव."

परतताना ते पुढे चालत होते. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "तो तांब्या आता सैपाकघरात नेऊ नको."

अव्वा नकोच म्हणत होती. मामा समजावून थकला होता. अप्पा ओसरीच्या पायरीवर उभे राहिले. "थारोळ्यातलं हाय," ते म्हणाले. "आपल्या रानातलं. जा."

तिनं घागरीत वाकून बघितलं. पिल्लू वर आलं, तोंड उघडलं, खाली गेलं. तिनं स्वतःच्या हातानं घागरीवर विरळ फडकं घातलं आणि ते सैल बांधलं.

ती दोघं उदगीरकडे गेली आणि मी नांदेडच्या बसमध्ये बसलो. सोमवारी पेपरात काय लिहिलं ते मला सांगता येणार नाही. आमच्या गावात फोन नव्हता. रोज संध्याकाळी मी बसस्टँडवर जायचो आणि उदगीरच्या गाडीतून उतरणाऱ्यांची तोंडं बघायचो. एका कंडक्टरला विचारलं, तर म्हणाला, हैदराबादला लई गर्दी हाय म्हणं. एका प्रवाशानं सांगितलं, वाटेतच लोकांचे मासे मेले उन्हानं, माणसं तशीच वापस आली. मी खोलीवर यायचो, पुस्तक उघडायचो, मिटायचो, पुन्हा रस्त्यावर यायचो. खोलीतला मुलगा म्हणाला, "तू एका जागी बसत का नाहीस?" मला बसताच येत नव्हतं.

एका दुपारी वसतिगृहाच्या फाटकाशी अप्पा उभे दिसले. ते नांदेडला माझ्याकडे पहिल्यांदाच आले होते. हातात भाकरीचं गाठोडं. त्यांनी माझी खोली बघितली, खाट दाबून बघितली, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं. मग दुकानाला काही माल घ्यायचा म्हणून आम्ही बाजारात गेलो. तुरीच्या डाळीचा भाव, रस्त्याचं काम, मामाकडे असलेले बैल, सगळं बोलून झालं. मला विचारायचं धाडस होत नव्हतं आणि ते सांगत नव्हते. बसस्टँडवर गाडी लागली तेव्हा मी कसंबसं म्हणालो, "अप्पा, ते... पोचलं का?"

"एक वाटेत गेलं. एक पोचलं."

"घेतलं तिनं?"

"हाव. डोळे मिटून."

ते गाडीत चढले, खिडकीशी बसले. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. इंजिन सुरू झालं. त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं.

"परवाच्या रात्री मला जाग आली," ते म्हणाले. "आवाज न्हाई म्हणून घाबरलो. उठून दिवा वर केला. पोतं तसंच भिंतीला उभं. तुझी अव्वा त्याच्या पायथ्याशी आडवी झोपली होती."